पदराखालची ऊब

सत्तरच्या दशकातली ती माघातली सकाळ. मेडशीजवळ आमची एस.टी. बंद पडली, तेव्हा माझ्या शेजारची तरुणी दोन्ही हातांनी पोट कवटाळून बसली होती.

पुढच्या बाकावरची आजी वळली. "कितवा महिना लागला वो बाई?"

"मायं नाही, आजी, कोंबडीचं हाय!" ती हसली.

पदराखाली कापसात अंडी होती. प्रयोगशाळेतली उबवणीची पेटी बिघडली, म्हणून आईच्या खुडूक कोंबडीखालून ही अंडी काढून ती तिकडे निघाली होती. जन्माआधी मेंदू कसा घडतो, हे तिचे संशोधन. अंडी गारठली, तर हंगामभराचे काम वाया जाणार होते.

तिने एक अंडे मुठीत धरून कोवळ्या उन्हासमोर नेले. तांबूस उजेडात शिरांचे नाजूक जाळे उमटले, मधोमध एक ठिपका थरथरत होता.

"जित्तं हाय," ती म्हणाली. "काळीज पह्यले धडधडते, मेंदू मंग पुरा बनते. त्याच्या एवढुशा पेशीले वाट कोन दाखवते, थे मले पाह्यचं हाय. अन् मी पाहीनच."

"अन् पिल्लू?"

"पिल्लू नाही होनार, आजी. अंडं फोडूनच पाहा लागते." तिने नजर चुकवली नाही.

आजी लुगड्याचा पदर पसरून म्हणाली, "आन इकडे अर्धे. येकटीची ऊब कितीक पुरन?"

मीही हात पुढे केला. दुसरी गाडी येईपर्यंत आम्ही तिघी तशाच बसलो. माझ्या तळव्यातल्या कोमट कवचाआड विचार अजून नव्हता. त्याचे घर मात्र बांधले जात होते.