आधी बादल्या भरा, वहिनी

दारात चप्पल काढून चाचा आत यायचे ते एकच वाक्य म्हणत, "आदी बादल्या भरा, वहिनी. मंग मी हात लावतो." काम कुठलंही असो, पाणी बंद करायचं असो वा नसो. एकदा ते नुसती बाथरूमच्या दाराची बिजागरी घट्ट करायला आले होते, तरी बायकोने सवयीने दोन बादल्या भरून ठेवल्या, आणि चाचांनी त्या पाहून समाधानाने मान डोलावली.

आमची खरी ओळख झाली ती मात्र माझ्या काटकसरीमुळे. इथे आखातात, अल ऐनला, उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की गार पाण्याचा नळ सोडला तरी हात पोळतो. त्यामुळे हीटर बंदच असतो. आमच्या व्हिलात त्या हीटरला जोडलेला एक छोटा पंप आहे. तो गरम पाणी घरभरच्या पाइपांतून सारखं फिरवत ठेवतो, म्हणजे थंडीत नळ सोडल्या सोडल्या ऊन पाणी येतं. हीटर बंद असताना पंप कशाला फिरवायचा, असा विचार करून मी मे महिन्यात त्याचा प्लग काढून टाकला आणि वीज वाचवल्याची बातमी जेवताना सगळ्यांना दिली. कोणी कौतुक केलं नाही. डिसेंबरात प्लग पुन्हा लावला. पंप नुसता 'हूं' म्हणाला आणि जागच्या जागी तापत राहिला.

भारतातल्या नातेवाइकांना पटत नाही, पण इथल्या हिवाळ्यात सकाळी स्वेटर लागतो. मी पंपाला थोपटलं, हलवलं, एक व्हिडिओ पाहून त्याला स्क्रू ड्रायव्हरने डिवचलंही. मुलगी टॉवेल गुंडाळून, ऊन पाण्याची वाट बघत, कुडकुडत म्हणाली, "बाबा, इट्स फ्रीझिंग. जस्ट कॉल समवन."

समवन म्हणजे चाचा. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावचे. आमच्या घरमालकाच्या पाचसहा व्हिलांची देखभाल त्यांच्याकडे होती. इस्त्रीचा शर्ट, पँटीत खोचलेला, आणि हत्यारं मात्र बासमतीच्या रिकाम्या पिशवीत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, जी यंत्राकडे आधी आजारी पोरासारखं बघतात. चाचांनी पाइपावर तळहात ठेवला, डोळे मिटले, आणि ताप बघावा तसे थोडा वेळ थांबले.

"बंद कदी केलावता?"

मी मे महिना सांगितला. ते हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. इथल्या पाण्यात क्षार फार, पंप नुसता बसून राहिला तर आतून धरतो, मधून मधून फिरवायला हवा होता, असं त्यांनी सांगितलं. बायको लगेच म्हणाली, आमच्याकडे आणखी एक आहे असा, शनिवार-रविवार सोफ्यावर बसला की सोमवारी हलत नाही. चाचांनी मघाशी पंपाकडे पाहिलं होतं त्याच नजरेने माझ्याकडे पाहिलं.

नवा पंप आणायला ते सनैयात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वस्तीत गेले, आणि आणला तो आखूड निघाला. जुन्याशेजारी धरून पाहिला तर बोटभर कमी पडला. चाचांनी जुन्याकडे पाहिलं, नव्याकडे पाहिलं, आणि दुकानदाराला मनसोक्त नावं ठेवली. जुन्या पंपाचं माप घेतलेली सुतळी त्यांच्याच खिशात राहिली होती. ती खाली पडली तेव्हा मी छताकडे बघितलं. ते पुन्हा सनैयात जाऊन आले.

मग मात्र काम बघत राहावं असं झालं. दोन्हीकडचे कॉक बंद, मोठ्या पान्याने नट सैल, जुना पंप दोन घोट पाणी ओकत बाहेर. नव्या वायसरी, नवा पंप, त्याच्या अंगावरचा बाण पाणी जायचं त्या दिशेला. मग कॉक हळूच उघडून त्यांनी वरचा स्क्रू किंचित सैल केला. अडकलेली हवा फुसफुसत निघाली, पाण्याचा थेंब आला, स्क्रू बंद. पंप आधी गुळगुळला, मग इतका शांत झाला की मला वाटलं हाही बिघडला. चाचांनी माझा हात धरून पाइपावर ठेवला. ऊब सावकाश येत होती.

"खलास," चाचा म्हणाले.

चहा पिताना त्यांनी सहज सांगावं तसं सांगितलं की मालकाच्या मुलाने आता देखभालीचं काम कंपनीला द्यायचं ठरवलंय. ईद झाली की व्हिसा रद्द, मग गाव. बायको म्हणाली, छानच की, आता घरी आराम. चाचांनी कप खाली ठेवला.

मग हळूहळू निघालं. दर वर्षी महिनाभर घरी गेले की त्यांच्यासाठी कपाटातले चांगले कप निघतात. सुरमईचा मोठा तुकडा त्यांच्या ताटात. ते पाणी प्यायला उठले की तिघंजण उठतात. त्यांची बायको हळू आवाजात विचारते, काही हवं का. मागच्या खेपेला मोरीतला नळ गळत होता. यांनी पान्याला हात घातला, तर मुलाने तो हातातून काढून घेतला.

"म्हनतो, अब्बा, तुमी बसा. आनि नाक्यावरनं प्लंबर बोलावलान," चाचा म्हणाले. "माज्या घरात, वहिनी. प्लंबर."

मला हसू आलं. माझी बायको हसली नाही, म्हणून मीही आवरलं.

"महिन्याचा पाव्हना सगल्यांना गोड लागतो. तोच कायमचा राह्यला, तर काय करतील त्याचं?"

बायकोने त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

त्यानंतर चाचा वरचेवर येऊ लागले. पंपाचा आवाज बघून जातो म्हणत. पंपाला आवाज नव्हताच. ते पाइपावर हात ठेवायचे, चहा घ्यायचे, गावच्या घराबद्दल बोलायचे ते परक्याच्या घराबद्दल बोलावं तसं: तिकडे म्हणे मागच्या दारी विहिरीला आता मोटर बसवलीय, म्हणे स्वयंपाकघर वाढवलंय. ईद झाली. निघायच्या दिवशी ते खजुराचा डबा घेऊन आले. बायकोने लाडू दिले. मी काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून, परत या, असं म्हणालो.

"तिकडं जमलं न्हाय तर येतो की," ते म्हणाले. "व्हिजिट व्हिसावर. म्हंजे हितं पन पाव्हनाच." आणि मला काही सुचायच्या आत, "यल्ला," म्हणून पायऱ्या उतरले.

आता कंपनीचा माणूस येतो. बुटांवर निळी पिशवी चढवतो, काम झालं की मोबाइलवर पाच तारे मागतो. पहिल्याच दिवशी त्याने कोणाला न विचारता पाणी बंद केलं, तेव्हा मी डोक्याला साबण लावून उभा होतो.

चाचांना मी अधूनमधून मेसेज करायचो. उत्तर यायचं, सगळं ठीक, इन्शाल्ला. एवढंच. ते वाचून बायको दर वेळी विचारायची, ठीक म्हणजे कसं ठीक, आणि मला सांगता यायचं नाही. शेवटी परवा एका सुट्टीच्या सकाळी व्हिडिओ कॉल लावला. बायको शेजारी गवार मोडत बसली होती. पडद्यावर आधी कौलं दिसली, मग चाचांचं कपाळ. बनियन, खांद्यावर पंचा, दाढी वाढलेली. इस्त्रीच्या शर्टाशिवाय मी त्यांना ओळखायला क्षणभर चुकलोच. कसे आहात, असं विचारलं. ते तोंड उघडतायत तोवर आतून एका बाईचा खणखणीत आवाज आला.

"आदी तो फोन ठेवा. सकालधरनं सांगत्ये, नारल सोला म्हनून. कुनाची वाट बगताव?"

चाचांनी मागे वळून पाहिलं. "ती हाय," एवढंच दबक्या आवाजात म्हणाले, आणि फोन त्यांच्या हातातून घसरला असावा. पुन्हा कौलं दिसली, माणसाची सावली घाईघाईने हलली, आणि कॉल बंद झाला.

मला वाईट वाटलं. एवढा कामाचा माणूस, या वयात बोलणी खातोय. "बिचारे," मी म्हणालो.

बायकोने गवारीतून मान वर केली नाही. "बिचारे कसले?" ती म्हणाली. "पाहुण्याला कोणी नारळ सोलायला लावतं का?"