साडेचौपन्न किलोचा सुकलाल

त्या दिवशी माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. चौदा जणांना दोन वेळा जेवू घालत होते मी, पण "अक्का खोटं बोलणार नाही" एवढं एकाच्याही तोंडून निघालं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं हसत सांगता येईल. खानावळीत किस्से भाताच्या खरवडीसारखे साचतात. घासून काढावे लागतात.

ही सुरतच्या प्लेगच्या आदल्या वर्षीची गोष्ट. तिथल्या उधन्यात माझी खानावळ होती आणि आमची कबड्डीची टीम तिथेच जेवायची. सगळे खानदेशचे, सगळे कापडाच्या लूमवर कामाला. कोच वामन मास्तर. ते सुताच्या गोडाऊनवर अठरा वर्षं वजनकाटा सांभाळत होते. एके काळी जिल्ह्याकडून खेळलेला माणूस. गुडघा गेला, पण जीभ शाबूत.

*

लूमच्या खडखडाटात आमच्या पोरांचे कान अर्धे गेलेले. इच्छापोरच्या मॅचमध्ये रेफरीने तीनदा शिट्टी मारली, तरी आमच्यांनी समोरच्या गड्याला मातीत दाबूनच धरलं होतं. रेफरी मास्तरांवर तापला.

मास्तर शांतपणे म्हणाले, "साहेब, शिट्टी यांना ऐकू येत नाही. लूम बंद पडला की मात्र झोपेतून उठतात."

*

मॅच हरली की मास्तरांचा एक नियम होता. पंगत बसायची, ताटं मांडायची, पण वाढायचं नाही. मास्तर विचारायचे, "चूक कोणाची?" ज्याची असेल त्याने उभं राहून बापासकट पूर्ण नाव सांगायचं. मग कोणी एक शब्द बोलायचा नाही आणि मी भाकरी वाढायची.

एकदा भुकेने कासावीस होऊन सात जण एकदम उभे राहिले. मास्तर म्हणाले, "बसा रे. ही चूक आहे का वरात?"

*

मास्तरांचा जुना गडी दगडू. खेळावर रेल्वेत लागला आणि पुढे तिथल्या टीमचा कोच झाला. नोकरी नवी होती तेव्हा ऑफिसात कसली तरी पार्सलं भलत्याच गावी गेली. साहेब ओरडला, "किसकी गलती है?" दगडूचा त्या पार्सलांशी काडीचा संबंध नव्हता, पण तो ताडकन उभा राहिला आणि बापासकट नाव सांगून मोकळा झाला.

मी विचारलं, "अरे, तुझी चूक नव्हती ना?"

"नव्हती ना अक्का. पण जेवायची वेळ झालेली."

*

आता सुकलालचं. आमचा सगळ्यात चपळ गडी. बारा तास लूम, मग सराव. घरी म्हातारी आई, दोन बहिणी. भेस्तानला पंचावन्न किलो वजनगटाच्या मॅचेस होत्या आणि दगडू तिथे रेल्वेसाठी एक खेळाडू निवडायला येणार होता. सुकलालला लूममधून सुटायची ती एकच वाट होती.

महिनाभर मास्तर त्याला दर रविवारी गोडाऊनच्या काट्यावर उभं करायचे. मला हुकूम होता, दोन भाकरी, भाजी, तेल नाही. पोरगं ताटाकडे बघायचं, मी चुलीकडे बघायचे. शेवटच्या रविवारी मास्तर खुश होऊन आले. साडेचौपन्न!

भेस्तानच्या मैदानावर वजन केलं, तर छप्पन्न. सुकलालला बाहेर बसवलं.

मास्तर चौदा जणांसमोर मला म्हणाले, "सुमनबाई, तुमच्या मायेने पोराचा घात केला." मी आईची शपथ घेतली, दोनच्या वर भाकरी दिली नाही म्हणून. सगळ्यांनी माना खाली घातल्या. दगडू तर सुकलालकडे न बघताच म्हणाला, "ज्याला वजन सांभाळता येत नाही, तो नोकरी काय सांभाळणार?"

सुकलाल बूट सोडत बसला.

माझं डोकं फिरलं. मी रिक्षा केली आणि उधन्याला आले. गिरणीतून डब्यासकट दहा किलो मोजून आणलेला पिठाचा डबा होता, तसाच बांधलेला. तो उचलला आणि गोडाऊनला गेले. वॉचमन म्हणाला, "बेन, आजे बंध छे." म्हटलं, बंद असू दे, डबा ठेवायला उघड. काट्यावर डबा ठेवला. साडेआठ.

डबा खाली काढला. काटा रिकामा, पण सुई शून्याच्या मागे उभी. मला शाळा चौथीपर्यंतच, पण दीड किलो कुठे गेलं ते कळलं. सूत पोत्यात येतं. पोत्याचं दीड किलो धरायचं नाही, म्हणून मास्तर रोज सकाळी सुई तेवढी मागे ओढून ठेवायचे. अठरा वर्षांची सवय.

सुकलाल काही पोत्यात बसून वजन करत नव्हता.

मी परत मैदानावर पोचले तेव्हा मॅच हरून झाली होती. सगळे मातीत गोल बसलेले, दगडू बॅग खांद्याला लावून निघालेला. मी त्याची बॅग धरली.

"मास्तर," म्हटलं, "गोडाऊनचा काटा रिकामा असला की सुई कुठे असते?"

मास्तर हसत म्हणाले, "दीड किलो मागे. पोत्याचं..." आणि तिथेच थांबले. सुकलालकडे बघत राहिले.

दगडूने बॅग खाली ठेवली. तो गोलात येऊन पोरांसारखा मांडी घालून बसला. आवाज मोठा नव्हता त्याचा, पण त्या दिवशी सगळ्यांना ऐकू आला.

"मास्तर, चूक कोणाची?"

मास्तरांनी गुडघ्यावर हात दाबला आणि सावकाश उभे राहिले.

"वामन तोताराम चौधरी."