पाठवलेला माणूस

ज्या दोन पाहुण्यांनी आमच्या मामांचं काम बंद करण्यासाठी सातासमुद्रापलीकडून विमान पकडलं होतं, त्या दोघांचा मी अकोल्यात शाल, श्रीफळ आणि फेटा देऊन जाहीर सत्कार केला. कल्पना माझी, हार मी निवडलेले, प्रास्ताविक माझं. आभारप्रदर्शनही मीच करणार होतो. ते मात्र राहिलं.

मामा मूळचे केरळचे, नात्यानं आमचे कुणीच नव्हेत, सगळे मामा म्हणत म्हणून मामा. तरुणपणी एका परदेशी मंडळीनं, म्हणजे तिथल्या चर्चनं, त्यांना वऱ्हाडात पाठवलं. काम असं, की गावोगाव जायचं, ख्रिस्ताचं सांगायचं, ऐकणारी माणसं जमली की त्यांची तिथं मंडळी उभी करायची आणि पुढच्या गावाला निघायचं. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत आणि वर अंजनगाव सुर्जीच्या बाजूला त्यांनी अशा लहान लहान मंडळ्या उभ्या केल्या. राहायला ते अमरावतीत, आमच्याच घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं. मामी एका दवाखान्यात नर्स. मी खालच्या मजल्यावर, इंग्रजीचा निवृत्त प्राध्यापक, बापजाद्यांच्या वकिलीतून उरलेली वाद घालायची हौस बाळगून.

आमच्या कॉलनीत पांढरा शर्ट घातलेल्या आणि हातात बायबल असलेल्या कुणालाही ‘फादर’ म्हणायची पद्धत होती. मामा स्कूटर थांबवून, स्टँडवर लावून, ती चूक दुरुस्त करत. “फादर नोका म्हनू. फादरले लग्न करता येत नाही. मले तीन पोरं हाईत. तुमी फादर म्हनलं का बायको माह्याकडे कशी पाहाते, ते एकडाव पाहा.” मग पुन्हा किक. स्कूटर सहसा चौथ्या-पाचव्या किकला ऐकायची, तेवढ्या वेळात समोरच्याच्या घरची विचारपूस होऊन जायची.

मराठी त्यांनी एसटीत, बाजारात आणि लोकांच्या ओट्यावर बसून उचलली होती. त्यामुळे ती पक्की वऱ्हाडी होती. फक्त ‘ळ’ केरळचा, आमच्यापेक्षा खणखणीत. एकदा पुण्याला कुठल्याशा मेळाव्यात ते बोलायला उभे राहिले आणि सभागृहात खसखस पिकली. नंतर एका सभ्य बाईंनी विचारलं, “आपण मराठी कुठं शिकलात?” मामा म्हणाले, “मराठी नाही शिकलो बाई, वऱ्हाडी शिकलो. मराठी काहून शिकू? पुन्याले मले कोनी पाठवलंच नाही.”

पाठवणं हा त्यांचा आवडता शब्द. इतके उन्हाळे इथं कसे काढले, असं कुणी विचारलं की म्हणायचे, “मी पाठवलेला मानूस हाओ. मनानं आलो असतो तं पैल्याच मे महिन्यात पळालो असतो.”

मी त्यांना एकदा खोचून विचारलं होतं, “मामा, इतकी वर्षं एका छपराखाली राहतोय. मला बाटवायचा प्रयत्न कधी केला नाहीत?” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा पाहून घेतलं. मग म्हणाले, “प्रोफेसर, तुमाले घेऊन मी काय करू? तुमी तिथंबी अध्यक्ष व्हाल.”

एखाद्या गावानं आपला वडील, म्हणजे मंडळीचा प्रमुख, निवडला, आपापसात प्रार्थना चालवायला सुरुवात केली, की मामा पुढची सतरंजी सोडून मागं दाराशी बसायला लागत. काही दिवसांनी येणंच बंद. लोक रुसत. मला हा निव्वळ कोरडेपणा वाटायचा आणि मी तसं बोलूनही दाखवायचो. ते म्हणत, “इरजन लावलं का मंग बोट घालून घालून पाहू नाही. दही लागत नाही.” पण एखाद्या गावावरून जाताना त्यांची स्कूटर आपोआप मंद व्हायची, हे मी मागं बसून पाहिलेलं आहे.

तर, त्या परदेशी मंडळीकडून दोघं येणार असा फोन आला. वयस्कर बाई आणि त्यांच्याबरोबर एक दाढीवाला तरुण. कशाला येणार, हे मामांनी विचारलं नाही. त्यांना तशी सवयच नव्हती. मला विचारायची गरज वाटली नाही, कारण मला माहीत होतं. आपल्याकडे एवढ्या लांबून माणूस येतो तो काहीतरी द्यायलाच. मी अकोल्याचं प्रार्थनाघर ठरवलं, सगळ्या गावच्या मंडळ्यांना बोलावलं, फेटे बांधणारा आणला. बाईंच्या डोक्यावर भगवा, तरुणाच्या डोक्यावर गुलाबी. नारळ मांडीवर घेऊन दोघं अवघडून बसले होते. मामा नेहमीसारखे मागं, दाराशी.

प्रास्ताविकात मी परदेशी मंडळीच्या अखंड पाठिंब्यावर बोललो. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माझं जे होतं, ते झालं. मी इंग्रजीत बाईंकडे वळलो आणि म्हणालो, “आता पुढच्या पंचवीस वर्षांची आपली योजना आपण या लोकांना सांगावी, मी भाषांतर करतो.” आणि माइक त्यांच्या हातात दिला.

बाई पांढऱ्या पडल्या. मला वाटलं, फेटा घट्ट झाला.

नंतर कळलं, की त्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामा-मामींना घरात, शांतपणे सांगणार होत्या. पण त्या सरळ बाई होत्या. दीडशे माणसं तोंडाकडे बघत असताना खोटी योजना सांगणं त्यांना जमेना. त्या उभ्या राहिल्या. आधी आभार, मग कौतुक. मी दोन्ही वाढवून भाषांतरित केलं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, की इथल्या मंडळ्या आता आपल्या पायांवर उभ्या आहेत. आमच्या मंडळीनं पुष्कळ प्रार्थना करून ठरवलं आहे, की जिथं अजून कुणीच पोचलेलं नाही, तिथं आपली माणसं आणि आपली ताकद न्यायची. म्हणून मार्चनंतर इथलं आमचं काम थांबेल.

माझ्या कानांनी ते ऐकलं. तोंडानं मात्र सांगितलं, “बंधुभगिनींनो, आता या कार्याला एक नवं, व्यापक वळण मिळणार आहे!”

कडाडून टाळ्या.

मागून मामा उठले. सतरंजीवरच्या माणसांमधून वाट काढत पुढं आले. चेहरा राखेसारखा. ही गोष्ट ते त्याच मिनिटाला, पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्या हातातला दुसरा माइक त्यांनी घेतला. “प्रोफेसर, बसा. टाळ्या नोका वाजवू, बाई असं नाही म्हनून राह्यल्या.” मग बाईंकडे पाहून त्यांनी इंग्रजीत, पहिल्यापासून पुन्हा सांगायची विनंती केली. आणि बाईंच्या एकेका वाक्यामागं आपलंच काम संपल्याचं वऱ्हाडीत सांगत गेले. एक शब्द गाळला नाही, एक घातला नाही. “बाई म्हनतात, मार्चनंतर मामाचं इथलं काम बंद. बाई म्हनतात, तुमी चांगले उभे झाले, म्हनून बंद.” बाईंना वऱ्हाडी येत नव्हती. त्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होत्या. मी खुर्चीत बसून होतो.

अंजनगावकडचे भीमरावदादा, एका मंडळीचे वडील, तिथंच ओरडले, “पीक चांगलं आलं म्हनून कोनी वावर सोडून जाते काय? इचारा त्या बाईले!” मामांनी तेही विचारलं. बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायला त्यांनी मी दिलेली शाल वापरली.

परतीच्या गाडीत मामा खिडकीशी. बडनेरा येईस्तोवर एकच वाक्य बोलले, “प्रोफेसर, ते ‘वळन’ तुमी कुठून काढलं?”

बाईंनी त्यांच्यापुढं दोन वाटा ठेवल्या होत्या. एक, सेवेतून मोकळं व्हायचं. दुसरी, एका थंड, डोंगराळ देशात नव्यानं जायचं. तिथं ना मंडळी, ना ओळख, आणि भाषा अशी की तिची अक्षरंसुद्धा नवी. मामांनी साठी जवळ आणलेली. दोन महिन्यांत उत्तर द्यायचं होतं.

उत्तर मी ठरवून टाकलं. मामांना राहू द्यावं, यासाठी मी समिती काढली. अध्यक्ष कोण, ते सांगत नाही. पहिली फेरी भीमरावदादांच्या गावी. म्हटलं, एवढा गरजलेला माणूस, सह्यांचा ढीग लावेल. गेलो तर दादा ओट्यावर बसून चार तरुणांना, कोणत्या रविवारी कोण बोलेल याच्या पाळ्या लावून देत होते. मी थक्क. म्हटलं, “दादा, तुम्ही तर त्या दिवशी भांडत होतात!”

“भांडलो. मानसाचा जीव हाय, दुखते. पन त्याईले आता धरून ठेवू काय? मामानं शिकवलं तेच करून राह्यलो.”

मी सह्यांचा कोरा कागद घडी करून परत आलो.

त्या दिवसांत मामा बोलायचे कमी झाले. स्कूटर काढायचे, कॉलनीला एक चक्कर मारायचे आणि परत लावायचे. एका दुपारी जिन्यात बसून त्यांनी मला विचारलं, “प्रोफेसर, माह्या वयाच्या मानसाले नवी भाषा येते काय?”

प्रश्न माझ्या विषयातला. उत्साहानं मी मेंदू, वय, स्मरणशक्ती आणि उच्चार यांवर तासभर बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मले आता सपनं मल्याळीत नाही पडत. वऱ्हाडीत पडतात. माय सपनात येते, तेबी ‘काहून रे’ म्हनते. तिथं गेल्यावर तिले कोन्या भाषेत आनू?” त्यावर मला काही सुचलं नाही. तासभर बोललो नसतो तर कदाचित सुचलं असतं.

शेवटची भिस्त मामींवर. बाईमाणूस, इथं पक्की नोकरी, मुलगी नागपूरला बाळंतपणाला टेकलेली. या कशाला बर्फात जातील? मामा नाहीत असं पाहून मी वर गेलो. खोलीभर खोकी. मामी फरशीवर बसून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या आणि शेजारी ठेवलेल्या मोबाइलमधून कोणीतरी अगम्य भाषेत एक ते दहा म्हणत होतं. मामी त्याच्यामागून म्हणत होत्या.

“हे काय?” मी दारातच.

“जातोय आम्ही. कालच कळवलं,” मामी म्हणाल्या. “यांची हिंमत होत नव्हती ‘हो’ म्हणायची. मी ‘हो’ म्हटलं. मागच्या वेळी यांना पाठवलं, मला कोणी विचारलं नव्हतं. लग्न झालं आणि मी आले. या वेळी बाईंनी मलाही विचारलं.”

“पण मामी, या वयात? मामा तिथं टिकायचे नाहीत. त्यांचा जीव वऱ्हाडात आहे. निदान माझी समिती...”

त्यांनी मोबाइल बंद केला. तीस वर्षं रुग्णांच्या नातेवाइकांना वॉर्डाबाहेर काढणारी ती नजर माझ्यावर आली.

“ते टिकतील, प्रोफेसर. तुमचं सांगा. रोज संध्याकाळी दोन-दोन तास तुमचं बोलणं ऐकून घेणारा माणूस अख्ख्या अमरावतीत दुसरा नाही, म्हणून ही समिती. आता आलेच आहात तर त्या खोक्यावर बसा जरा. झाकण लागत नाही, वजन पाहिजे.”