आक्का आणि चोरून खाल्लेले पेढे

बरोबर दीड वाजला की आक्का पेनाला टोपण लावत, आवक-जावक रजिस्टर मिटत आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला सांगत, "आता मी ऑफिसात न्हाई." माणूस बिचारा गोंधळून जाई, कारण आक्का तर त्याच्या पुढ्यातच बसलेल्या असत.

शेवगावच्या आमच्या कचेरीत त्यांचं आणि माझं टेबल शेजारी-शेजारी होतं. एकदा खुद्द साहेब घाईचं पत्र घेऊन आले. "आक्का, एवढा नंबर टाकून द्या." आक्कांनी मान वर केली. "घास खाली उतरू द्या, सायेब. कागद कुठं गार हुतोय?" साहेब हसले आणि खुर्ची ओढून बसले. मी मात्र घाबरून माझा डबा अर्ध्यावरच बंद केला होता.

कचेरीत माणसं कशी जेवतात ते तुम्हीही पाहिलं असेल. एका हातानं मोबाईल सरकवायचा, दुसऱ्या हातानं पोळी कोंबायची. मीही त्यातलाच. आक्का टेबलावर पेपर पसरत, ड्रॉवरमधून स्टीलची ताटली काढत, कांदा बुक्कीनं फोडत. बाजरीची भाकरी, मेथी नाहीतर मटकीची उसळ, कधी शेवग्याच्या शेंगांची आमटी आणि वाटीभर दही. खाणं साधंच, पण त्यांना जेवताना पाहून भरल्या पोटी भूक लागायची.

दुसऱ्यांच्या डब्यात नाक खुपसायची मात्र त्यांना वाईट खोड. सगळ्यांदेखत निकाल द्यायच्या. एकदा माझ्या वांग्याची फोड चाखून म्हणाल्या, "भाऊसाहेब, वहिनीनं आज कूट घातलंच न्हाई. भांडून आलाय का?" आलो होतो भांडूनच! सगळी कचेरी हसली. मला असा राग आला की दोन दिवस मी खिडकीकडं तोंड करून जेवलो.

कचेरीत पेढे नाहीत असा आठवडा जात नसे. कुणाची बढती, कुणाला नात, कुणाचा नवा ट्रॅक्टर. पेटी फिरू लागली की निम्मे लोक "नको, नको, वजन वाढलंय" म्हणत आणि जाता-येता दोन उचलत. आक्का एकच पेढा घेत, हातातलं काम थांबवत आणि तो चार घासांत खात. पुन्हा आग्रह केला तर म्हणत, "दुसऱ्या पेढ्याला पहिल्याची चव नसती." मग पेटी बंद करून पुढं सरकवत.

आणि मग मला शुगर निघाली.

कचेरीतच तपासणीचं शिबिर होतं. मी नाश्ता हादडून हसत हसत बोट पुढं केलं आणि आकडा ऐकून तोंडचं पाणी पळालं. बायकोनं त्याच संध्याकाळी साखरेचा डबा माळ्यावर टाकला. माझ्याबरोबर तीही बिनसाखरेचा चहा पिऊ लागली. त्या वर्षी होळीला आमच्याकडं पुरण शिजलं नाही. वर्षभर पुरणपोळीची वाट बघणारी बाई ती. मी म्हटलं, तू तरी कर तुझ्यापुरती. तर म्हणाली, "तुम्ही समोर बसलेले असताना माझ्या घशाखाली उतरेल का?"

ती घरी असं करत होती आणि मी काय करत होतो? कचेरीत चोरून खात होतो! जिलेबी, बालुशाही, मिळेल ते. गोळ्या चालू होत्या, तरी शुगर उतरेना. डॉक्टर गोळी वाढवत आणि बायको रात्री उठून माझे पाय चाचपून बघायची, कुठं जखम तर नाही ना म्हणून. मला माझीच लाज वाटायची. लाज वाटली की आणखी खावंसं वाटायचं. हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल.

एका दुपारी मी तीन पेढे रुमालात बांधून रेकॉर्ड रूममध्ये गेलो. जुन्या दप्तरांच्या मागं उभं राहून दोन संपवले. तिसरा तोंडात टाकला आणि दार वाजलं. आक्का एक जुनी फाईल शोधायला आल्या होत्या. मी पेढा अख्खाच गिळला आणि असा ठसका लागला की डोळे पांढरे व्हायची वेळ आली. आक्कांनी पाठीत दोन धपाटे घातले.

"काय खाल्लं?"

"काही नाही."

"काही न्हाईनं ठसका लागत न्हाई, भाऊसाहेब."

मी खाली बसलो. आता ही बाई बाहेर जाऊन डांगोरा पिटणार, असंच वाटलं. पण आक्का धुळीतच माझ्यासमोर बसल्या.

"वहिनीला म्हाईत हाय?"

मी मान हलवली. नाही.

"ती बाई तुमच्यापायी गोड सोडून बसली, आन तुमी हितं उंदरावानी कुरतडताय व्हय?" त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. "पेढा खाल्ला ह्याचं मला काही न्हाई. तिला फशिवलं ह्याचं वाईट वाटतंय. आज घरी जाऊन सांगा. मग दोघं मिळून डाक्टरकडं जा. किती चालंल ते इचारा. तेवढंच खा, पन राजावानी बसून खा."

सांगितलं मी घरी. बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला वाटत होतं, माझ्याच स्वयंपाकात काही चुकतंय." त्यापेक्षा तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सगळं समजावलं. मी रोज चालू लागलो, ताटात भाजी वाढली, चोरी थांबली, हळूहळू शुगरही उतरली. पुढच्या होळीला घरात पुरण शिजलं. भाजी, कोशिंबीर खाऊन झाल्यावर मी एक पोळी घेतली, तुपाची धार धरली आणि अर्धा तास खात बसलो. बायकोनं दोन खाल्ल्या. तिसरीही खाल्ली असेल, मी मोजल्या नाहीत.

आक्का निवृत्त होऊन गावी गेल्या. दोन-तीन वर्षांनी कळलं, त्यांना अन्ननलिकेचा कॅन्सर झालाय. नळीतून पातळ तेवढं देतात. आम्ही दोघं भेटायला गेलो. हुरड्याचे दिवस होते. आक्का पडवीत खाटेवर होत्या, एवढ्याशा झालेल्या. आवाज मात्र होता. सगळ्या कचेरीची चौकशी केली त्यांनी.

थोड्या वेळानं सुनेनं आम्हाला हळूच आत बोलावलं. हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही असं सगळं मांडलं होतं. तिनं दार लोटून घेतलं आणि कुजबुजली, "आत्यांना दिसाया नको. आमी समदे असंच जेवतो."

मी पहिला घास घेतला आणि बाहेरून खाटेवर थाप पडली. एक, मग दुसरी.

"दार उघडा! समदं घर माझ्यापासून चोरून जेवतंय. मला काय वास येत न्हाई व्हय? भाऊसाहेब, ताट घेऊन भायेर या."

सून रडायला लागली. मी ताट घेऊन बाहेर गेलो आणि खाटेजवळ बसलो. हात उचलेना. ज्या बाईनं मला जेवायला शिकवलं, तिच्या बंद झालेल्या घशासमोर मी कसा खाणार?

"खा," आक्का म्हणाल्या. "माझ्यासाठी उपाशी ऱ्हाऊ नगा. लई वाईट वाटतं त्याचं."

मी खाल्लं. कोवळा, गोड हुरडा होता, आणि मी तो आवडीनं खाल्ला, खोटं कशाला सांगू. बायको ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. शेवटी डोळे पुसत सून आली, मुलगाही आला. आक्का उशीला टेकून एकेकाकडं बघत राहिल्या. "तिला दही वाढ," म्हणाल्या मुलाला.

महिन्याभरानं त्याचा फोन आला. आई गेली, म्हणाला. मग म्हणाला, "त्या दिवसापासून आमी रोज तिच्या खाटेपाशीच जेवलो, काका. काल रात्रीसुद्धा."