निःशब्द चौदा मिनिटं

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांना सगळे काकू म्हणत. त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठे असलेले संपादकही काकूच म्हणत, आणि काकूंनी ते बावीस वर्षं ऐकून घेतलं होतं. काम मुद्रितशोधनाचं. छपाईला जाण्याआधी रविवारच्या पुरवणीचं पान शेवटचं वाचायचं ते काकूंनी. त्यांची सही झाली की पुढे कुणी बघत नसे. कुणाला वेळही नसे आणि हौसही.

या कामाला चिकटूनच त्यांच्या गळ्यात आणखी एक काम पडलं होतं, ‘एका नजरेत’ नावाच्या चौकटीचं. आठवड्याभरात लागलेल्या चित्रपटांबद्दल गावातल्या सात वर्तमानपत्रांचे समीक्षक काय म्हणतात, ते प्रत्येकी एका ओळीत द्यायचं. शुक्रवार-शनिवारची सगळी वर्तमानपत्रं टेबलावर पसरून काकू आठशे शब्दांतून आठ शब्द काढत. चित्रपट त्या बघत नसत. त्याची गरज नव्हती. एवढ्या वर्षांत त्या समीक्षकांनाच इतक्या ओळखून होत्या की खालची सही झाकून परीक्षण कुणाचं ते सांगत. एकाला सगळं ‘संयत’ वाटे. एकजण कुठल्याही चित्रपटाची सुरुवात स्वतःच्या बालपणापासून करी, आणि हेरगिरीच्या चित्रपटातही चौथ्या परिच्छेदापर्यंत तो शाळेतच असे. एका बाईंना प्रत्येक गोष्टीत ‘आजच्या काळाचं प्रतिबिंब’ दिसे. भुताच्या चित्रपटातही दिसलं होतं, आणि त्याच भुताला दुसऱ्या एका समीक्षकाने ‘मानवी’ म्हटलं होतं. परदेशी महोत्सवाला एकदा जाऊन आलेले एक गृहस्थ होते, त्यांना इथलं काहीच पटत नसे. कुस्तीगिराच्या जीवनावरच्या चित्रपटाला त्यांनी ‘अतिशय शारीरिक’ असा शेरा मारला होता. काकूंनी तो तसाच छापला.

त्यांच्या स्वतःच्या वर्तमानपत्राचे समीक्षक म्हणजे अडीच सर. नाव कुणाच्या लक्षात नव्हतं. तीस वर्षांत त्यांनी बहुतेक चित्रपटांना पाचपैकी अडीच तारे दिले होते. चित्रपट चालला तर ‘मी कुठे नाव ठेवलं होतं’, पडला तर ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’. माणूस वाईट नव्हता. फक्त हातचं राखून जगायची सवय हाडात मुरली होती. चहासुद्धा अर्धाच पीत.

एका बुधवारी सरांची दाढ काढायची ठरली, नेमका समीक्षकांसाठी ठेवलेल्या खास खेळाच्या वेळी. सर काकूंच्या टेबलाशी आले आणि गाल धरून म्हणाले, “काकू, जरा जाऊन बसाल का? गोष्ट काय आहे तेवढं सांगा. बाकीचं मी बघतो.”

“बाकीचं म्हणजे काय सर?”

“म्हणजे लिहायचं ते.”

काकू गेल्या. समीक्षक चित्रपट कसा बघतात ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. दारात एक मुलगी प्रत्येकाच्या हातात सँडविचचं खोकं आणि चार पानी पत्रक देत होती. पत्रकात कथा होती, दिग्दर्शकाचं मनोगत होतं आणि ‘संयत’ हा शब्द तीनदा होता. अंधार झाल्यावर ‘आजच्या काळाच्या’ बाई फोनवर कुणालातरी निरोप लिहीत राहिल्या. महोत्सववाले पहिल्या वीस मिनिटांत झोपले, पण ताठ बसून, त्यामुळे लांबून विचारात पडल्यासारखे दिसत होते.

चित्रपट एका म्हाताऱ्या लिफ्टमनचा होता. इमारत पाडायची ठरते, लिफ्ट बंद होते, आणि इतकी वर्षं न भेटलेली एक बाई त्याला भेटायला येते. मध्यंतरानंतर दोघं बंद लिफ्टमध्ये समोरासमोर बसले, म्हातारा बोलायला लागला आणि आवाज गेला. फक्त त्याचे ओठ हलत होते. बाई ऐकत होती. मग तीही बोलायला लागली आणि बोलता बोलता थांबली. काकूंना आधी वाटलं, आपल्याच कानात काहीतरी झालं. मग त्या म्हाताऱ्याचा चेहरा बघता बघता त्यांचे डोळे भरून आले, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आजूबाजूला मात्र एकदम हालचाल सुरू झाली. ‘संयत’ने वही काढली. त्याने काढली म्हणून शेजाऱ्याने काढली. महोत्सववाल्यांना शांततेने जाग आली. सहाही जण एकमेकांकडे चोरून बघत होते, पण ‘आवाज का येत नाही’ हे विचारायला एकाचीही जीभ उचलली नाही.

काकूंना गप्प बसवेना. प्रूफमध्ये ओळ गळली की त्यांचा हात आपोआप कंपोझ विभागाच्या फोनकडे जाई, तसेच पाय आता जिन्याकडे गेले. वरच्या प्रोजेक्टरच्या खोलीत बनियनवर असलेले ऑपरेटर मशिनच्या मागे गुडघ्यांवर बसले होते.

“वायर सैल झालीय बाई,” ते मान न वळवता म्हणाले. “मालकांना किती वेळा सांगितलं, बदलून द्या. खाली बोंबाबोंब चालली असेल ना?”

“नाही,” काकू म्हणाल्या. “लिहून घेतायत.”

ऑपरेटरांनी तेव्हा वळून पाहिलं.

आवाज परत आला तेव्हा चौदा मिनिटं गेली होती. ऑपरेटरांनी घड्याळ लावूनच मोजली होती, कारण मालक विचारणार. खाली उतरण्याआधी काकूंनी विचारलं, “हे कुठे छापलं तर चालेल?”

“छापा की. खोटं काय आहे त्यात? वायर तरी मिळेल.”

कचेरीत येऊन त्यांनी सरांना सगळं सांगितलं. सरांचा गाल टेबलटेनिसच्या चेंडूएवढा सुजला होता. “बरं झालं सांगितलंत,” ते कसंबसं म्हणाले. “तो भाग मी गाळतो.”

गुरुवारी दुपारी सरांचं परीक्षण प्रूफसाठी आलं. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं: ‘निशब्दतेची ती दीर्घ चौदा मिनिटे म्हणजे दिग्दर्शकाने ध्वनीचा केलेला धाडसी त्याग.’ काकूंनी आधी ‘निशब्दते’चा विसर्ग घातला, कारण ते काम पहिलं. मग प्रूफ घेऊन सरांकडे गेल्या.

“सर, वायरचं सांगितलं होतं ना मी?”

“काकू, मी तिघांना फोन केला. सगळे त्याच्यावरच लिहितायत. मी एकट्याने गाळलं तर माझं लक्ष नव्हतं असं दिसेल.”

“तुम्ही तिथे नव्हताच, सर.”

“म्हणूनच तर.” सरांनी गाल चोळला. “आणि वायर सैल होती हे मान्य. पण दिग्दर्शकाने ती सैल राहू दिली की नाही?”

काकू प्रूफ घेऊन टेबलाशी परतल्या. परीक्षण गेलं. साडेतीन तारे मिळाले. तीस वर्षांत सर पहिल्यांदाच अडीचच्या पुढे सरकले होते आणि कचेरीत त्याची चर्चा झाली.

घरी सासूबाई रोजच्यासारख्या पलंगावर बसून भिंग लावून वर्तमानपत्र वाचत होत्या. त्यांना सगळी हकीकत सांगितली, तर त्या म्हणाल्या, “मग तू काय करणार?”

“मी काय करणार? माझं काम चुका काढायचं.”

“मग काढ की.”

शनिवारी काकूंनी सात वर्तमानपत्रं पसरली. आठवड्यात आणखी तीन चित्रपट लागले होते. एक युद्धाचा होता, त्याला कुणी ‘देशप्रेमाने ओथंबलेला’ तर कुणी ‘ओथंबलेला’ एवढंच म्हटलं होतं. एक जुन्या विनोदी चित्रपटाची नवी आवृत्ती, तिच्यावर ‘जुन्याची सर नाही’ असं लिहिणाऱ्याने पंधरा वर्षांपूर्वी जुन्यालाही धुऊन काढलं होतं. तिसऱ्याबद्दल सातही जणांनी ‘एकदा बघायला हरकत नाही’ असं लिहिलं होतं, म्हणजे कुणीच बघितला नव्हता. ते तिन्ही काकूंनी हातासरशी उरकले. मग लिफ्टमन.

‘मौन इतकं बोलकं क्वचितच असतं.’ ‘संयत शांततेचा संयत विजय.’ ‘लहानपणी आमच्या घरी रेडिओ बंद पडे, त्याची आठवण झाली.’ ‘आजच्या कोलाहलाच्या काळाचं प्रतिबिंब.’ महोत्सववाल्यांनी तर ‘अखेर इथेही’ अशी सुरुवात केली होती. आणखी एक गंमत काकूंच्या नजरेतून सुटली नाही. लिफ्टमधली ती बाई म्हाताऱ्याची कोण, हे पत्रकात दिलेलं नव्हतं आणि चौदा मिनिटांत ऐकूही आलं नव्हतं. त्यामुळे दोन वर्तमानपत्रांत ती त्याची मुलगी होती, एकात पहिली बायको, एकात सून, आणि महोत्सववाल्यांच्या मते ती मुळात अस्तित्वातच नव्हती, प्रतीक होती.

काकूंनी सातही ओळी नीट लावल्या. मग आठवी जोडली: ‘चित्रपटगृहाचे ऑपरेटर: साउंडची वायर सैल झाली होती. दुरुस्तीला चौदा मिनिटं लागली. क्षमस्व.’ पान पुन्हा एकदा वाचलं, एका जागी अनुस्वार दिला आणि सही केली.

रविवारी सकाळी दहापर्यंत कचेरीतला फोन गरम झाला होता. त्याच सकाळी दुसऱ्या एका वर्तमानपत्रात दिग्दर्शकाची मोठी मुलाखत आली होती, शीर्षक होतं ‘मौन हीच माझी भाषा’. आता तो कुठलीच भाषा बोलायला तयार नव्हता. सोमवारी संपादकांनी काकूंना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर सहा समीक्षकांच्या सह्यांचं निषेधाचं पत्र होतं.

“काकू, ही चौकट समीक्षकांची आहे.”

“हो. त्या दिवशी चित्रपट लक्ष देऊन बघणारे ते ऑपरेटर एकटेच होते, म्हणून घेतलं.”

संपादकांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते पत्राआड लपवलं. “या पत्रात शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत,” काकू पुढे म्हणाल्या. “उत्तर देण्याआधी दुरुस्त करून देऊ का?”

चौकट बंद झाली. काकूंना छोट्या जाहिरातींच्या पानावर पाठवण्यात आलं. ‘भाड्याने देणे’, ‘हरवले आहे’, ‘जुने कपाट विकणे’. सुरुवातीला त्यांना ते लागलं. बावीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं आणि एक खरी ओळ छापली तर कपाटं वाट्याला आली.

चित्रपट मात्र तुफान चालला. त्या चौदा मिनिटांत आहे तरी काय, ते ऐकायला लोक रांगा लावत होते. ऑपरेटरांना नवी वायर मिळाली. काकूंना त्यांनी निरोप पाठवला, मंगळवारी दुपारी या, घरच्यांना घेऊन या.

काकू सासूबाईंना घेऊन गेल्या. मध्यंतरानंतर लिफ्ट आली, म्हातारा समोर बसला, आणि या वेळी आवाज होता. व्हायोलिन वाजत होतं. “पोरी, आयुष्य म्हणजे एक लिफ्ट आहे,” म्हातारा म्हणाला. “कुणी वर जातं, कुणी खाली.” बाई त्याची मुलगी निघाली. तिने तेच परत, जरा सोप्या शब्दांत सांगितलं. मग म्हाताऱ्याने इमारतीच्या सात मजल्यांचे सात अर्थ सांगायला घेतले.

तिसऱ्या मजल्याला सासूबाई म्हणाल्या, “अगं, ह्यांना गप्प करा कुणीतरी.”

त्या बुधवारी याच चेहऱ्यापुढे आपण रडलो होतो, काकूंना आठवलं. त्या सातही जणांनी फुशारकी मारली होती, एकमेकांचं बघून लिहिलं होतं, हे खरंच. पण शांततेत तो भाग खरोखर चांगला होता, आणि ते लिहिण्यात तेवढं तरी त्यांचं चुकलं नव्हतं. वायर सैल होती हेही खरं. हे दोन्ही एकाच ओळीत कसं बसवायचं, ते चौकट हातात असतानाही काकूंना जमलं नसतं, आणि आता तर चौकटच नव्हती. चौथ्या मजल्याला त्यांनी डोळे मिटले नाहीत, पण कानांवर पदर घेतला.

“थंडी वाजते का?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही,” काकू म्हणाल्या. “बघतेय.”

तेवढ्यात त्यांच्या रांगेच्या टोकाशी कुणीतरी अडखळलं. पायांवर पाय देत, माफी मागत एक माणूस अंधारात पुढे सरकत होता. मागून कुणीतरी ‘बसा हो’ म्हणून ओरडलं. जवळ आल्यावर काकूंनी ओळखलं, अडीच सर. गाल उतरला होता. हातात तिकीट धरून ते फोनच्या उजेडात उलटंसुलटं करून बघत होते. तीस वर्षं त्यांना दारातून कुणीतरी आत नेऊन बसवत असे.

“काकू,” ते खाली वाकून पुटपुटले, “आपली खुर्ची कुठली, ते यावर कुठे लिहिलेलं असतं?”

काकूंनी तिकीट हातात घेतलं, सवयीने आधी त्यावरचं शुद्धलेखन तपासलं, आणि मग त्यांना सासूबाईंच्या पलीकडची खुर्ची दाखवली.