पाळीपाळीने धूर

सत्तरच्या दशकात बाबांच्या बँकेने आम्हाला उचलून कलकत्त्याला टाकलं. बालीगंजच्या एका गल्लीत आम्ही वरच्या मजल्यावर राहत असू, खाली घरमालकीण माशीमा. बंगाल्यांची माशीमा म्हणजे आपली मावशी. त्यांना दमा होता आणि जीभ होती, दोन्ही जबरदस्त.

हिवाळ्यात तिन्हीसांजेला दारोदारी कोळशाच्या शेगड्या पेटत. शेगडी बाहेर पेटवायची, धूर सरला की धगधगता विस्तव आत न्यायचा, ही तिथली रीत. तेवढा वेळ माशीमा खिडक्या घट्ट लावून आत बसत. मग ओट्यावर येत आणि जेवणवेळेपर्यंत अख्ख्या गल्लीची उणीदुणी काढत. एकटा जीव. दिवसभर त्या ह्याच वेळेची वाट बघत.

मी कॉलेजात होते. आमच्या एका सरांना शहराची हवा सुधारायची होती, आणि त्यासाठी त्यांना फुकट राबणारी पोरं हवी होती. आम्ही सुट्टीत गल्लोगल्ली तक्ता घेऊन हिंडायचो. तक्त्यावर एक गुलाबी फुफ्फुस, एक काळं. दोन्ही वांग्यासारखी दिसत. आई म्हणाली, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायला निघालीस? आधी स्वतःचं कपाट आवर, मग कलकत्त्याची हवा."

सरांची युक्ती अशी, की सगळ्यांनी एकदम पेटवू नये, पाळ्या लावाव्यात, म्हणजे धूर साचत नाही. सुरुवात माझ्याच गल्लीत: घराघरांच्या पाळ्या, पहिली भर दुपारी. अहो, बंगाली माणसाची दुपारची झोप मोडायची म्हणजे काय चेष्टा आहे? बायकांनी मला दारातूनच हाकललं. शेवटी मी गयावया केली, "माशीमांच्या दम्यासाठी तरी ऐका!" तेव्हा कुठे चरफडत कबूल झाल्या.

आणि झालं काय? एकीची शेगडी आत जाते तोवर दुसरीची पेटायची, आणि धूर दुपारी सुरू व्हायचा तो रात्री जेवणं होईपर्यंत. विरळ होता, खरंय. सर कोपऱ्यावर उभे राहून छाती भरभरून श्वास घेत आणि म्हणत, "पाहा, केवढा फरक!" माशीमांची खिडकी मात्र उघडेना. आठवडाभर ओटा रिकामा. मी खाली गेले तर त्या उशीला टेकून बसलेल्या, चेहरा उतरलेला.

"आधी धूर यायचा नि जायचा," त्या म्हणाल्या. "तुझा धूर येतो नि मुक्कामच ठोकतो. मी बाहेर कधी बसू ते सांग."

मला रडूच आलं. तशीच सरांकडे गेले.

"एका बाईसाठी शास्त्र बदलत नाही," सर म्हणाले. "आणि आपल्या गटाच्या पुढच्या सभेत तू बोलणार आहेस ना? आता घोळ घालू नकोस."

त्या सभेसाठी मी आरशासमोर घसा फोडून तयारी केली होती. पण अशी तिडीक गेली डोक्यात! म्हटलं, गेली सभा खड्ड्यात. थेट गल्लीत येऊन दारं ठोठावली: "उद्यापासून सगळ्यांनी एकदमच पेटवा!" बायकांना आनंद मावेना, दुपारची झोप परत मिळाली ना. एकीने तर तोंड गोड करायला हातावर संदेश ही तिथली मिठाई ठेवली. सरांना कळलं तेव्हा त्यांनी मला गटातून काढून टाकलं, वर "भावनाप्रधान" हे विशेषण लावलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी असा धूर झाला की मला माझंच दार सापडेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी. तो जरा विरला आणि खालची खिडकी करकरत उघडली. माशीमा शाल गुंडाळून ओट्यावर आल्या. मी शेजारी बसले आणि सांगितलं, सरांनी हाकललं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "त्या सरांचं नाक बघितलंस का? तसल्या नाकाच्या माणसावर..."

इथे त्यांना दम लागला. एक हात छातीवर ठेवून दुसऱ्याने त्यांनी मला थांब अशी खूण केली. त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत मी तिथून हलले नाही.