खालून बोट लावायचं नाही

आषाढात लग्न! लालबागच्या आमच्या चाळीत सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. आम्ही बौद्ध झाल्यावर घरातलं ते पहिलं लग्न, माझ्या ताईचं, आणि बाबांनी मुहूर्त न बघता मुद्दाम गिरणीच्या सुट्टीचा दिवस धरला होता. मांडवात पाणी आलं असतं, तर "बघा, मुहूर्त डावलला" हे आम्हाला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

चाळीच्या चौकावर छत म्हणून घालायचं काय? गोणपाट पाणी पिऊन जड होतं आणि कुबट वास मारतं. मेणकापड घड्यांवर तडकतं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेवाले त्यांची डांबरी ताडपत्री द्यायला तयार होते. तिच्यातून थेंब येत नाही हे खरं, पण खाली काळोख, आणि डांबर कपड्यांना लागतं. आमच्याकडे तर सगळे पांढऱ्या कपड्यांत येणार! शेवटी शेजारच्या खोलीतल्या कोकणी काकांनी गिरणीतून जाड सुती कॅनव्हास मागून आणला. ते विणकाम खात्यात होते, बाबा सूत कातायच्या. विणकामात आमच्या माणसांना घेतच नसत. मागावरच्या धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे, तो म्हणे आमच्या तोंडाने बाटला असता.

"आधी भिजव," काका बाबांना म्हणाले. "सूत फुगता, भोकां बुजतत. फक्त खालून बोट लावू नको हां."

भर वंदनेत पाऊस कोसळला. वर नुसता धिंगाणा, आणि खाली मेणबत्त्या शांत जळत होत्या. ना डांबर, ना मेण. निव्वळ कापूस एवढं पाणी पेलून धरत होता! मी आ वासून बघत राहिले, वंदनाच विसरले.

बाबाही वर बघत होते. सूत दिसलं की बोटांनी चाचपायचं, ही त्यांची आयुष्यभराची खोड. हात कधी वर गेला त्यांनाही कळलं नाही. त्यांनी बोट फिरवलं तिथूनच थेंब सुटला, थेट ताईच्या पदरावर. मग दुसरा, तिसरा. बाबांचा चेहरा उतरला.

काका उठले. त्यांनी बाबांचा हात धरला, तेच बोट गळत्या जागी टेकवलं आणि कापडावरून हळूहळू कडेच्या बांबूपर्यंत ओढत नेलं. पाणी त्या रेघेमागोमाग निमूट गेलं आणि बांबूवरून खाली उतरलं.

"तुझाच सूत ता," काका म्हणाले. "तुझा नाय तर कोणाचा ऐकतला?"

विणकाम खात्यात बाबांना शेवटपर्यंत घेतलं नाही. त्या दुपारी मात्र तिथला एक विणकर वंदना संपेपर्यंत त्यांचा हात धरून उभा होता.